“आजी, तू प्रार्थना का करत नाहीस?”

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे. त्यांची ओळख उघड होईल असे तपशील गाळून मुख्य भाग इथे देते.

“सप्रेम सलाम. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, मिशनच्या काळातलं. माझं लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, यजमानांची शेवटची उपासना, सगळं याच देवळात झालं. आमची रीत अशी की पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि आम्ही माना खाली घालून मनात सामील होतो. गेल्या वर्षी नवे पाळक आले. तरुण आहेत, कष्टाळू आहेत, आजाऱ्यांच्या घरी न बोलावता जातात. पण त्यांनी संदेशानंतर, म्हणजे प्रवचन झाल्यावर, ‘सर्वांनी उभं राहून आपापल्या तोंडानं प्रार्थना करा’ असं सुरू केलं आहे. दहा-पंधरा मिनिटं सगळं देऊळ एकदम बोलत असतं. कीबोर्ड वाजत असतो आणि पाळक माइकवरून सगळ्यांच्या वर प्रार्थना करतात. मी कानाला मशीन लावते. त्या आवाजानं कान दुखतो आणि मनात एक शब्द उमटत नाही. मागच्या महिन्यात ते म्हणाले, ‘ज्यांचं तोंड उघडत नाही त्यांनी आपला विश्वास तपासावा.’ ते मनाला फार लागलं.

घरीही तेच. माझी सून पेन्टेकॉस्टल सभेत वाढली आहे. मुलगी गुणाची आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेत ती मोठ्यानं, रडून प्रार्थना करते. माझी पाळी आली की मी ‘मनात करते’ म्हणते. परवा आठ वर्षांचा नातू म्हणाला, ‘आजी, तू प्रार्थना का करत नाहीस?’ सून काही बोलली नाही, पण तिनं त्याला दटावलंही नाही.

आता मंडळीतले काही ज्येष्ठ मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीकडे अर्ज देणार आहेत की हा प्रकार बंद करावा. मी सही करू का? आणि खरं सांगा, मनातली प्रार्थना कमी प्रतीची असते का? मी आयुष्यात चारचौघांत तोंडानं प्रार्थना केलेली नाही. शाळेत एकदा उभं केलं होतं तेव्हा शब्द अडकले आणि सगळ्या हसल्या. तेव्हापासून धीर झाला नाही.”

प्रिय ताई,

सलाम. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं काही तुमच्या मनात शिरणार नाही. नाही, मनातली प्रार्थना कमी प्रतीची नसते. पवित्र शास्त्रात याला हन्नेइतका स्पष्ट दाखला दुसरा नाही. शिलो इथल्या मंदिरात ती प्रार्थना करत होती तेव्हा तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे. त्यानं तिला तसं सुनावलंही. ज्या माणसाचं सारं आयुष्य मंदिरात गेलं, त्याला समोरची प्रार्थना ओळखता आली नाही. देवाला मात्र ती ऐकू गेली, आणि शमुवेल जन्माला आला.

तुम्ही ही गोष्ट लहानपणापासून ऐकली असेल. तिचा पुढचा भाग आपण घाईनं वाचतो. हन्ना मान खाली घालून घरी गेली नाही. ती एलीला म्हणाली की मी प्यालेले नाही, मी दुःखी बाई आहे, देवापुढे मन मोकळं करत होते. आदरानं बोलली, पण स्पष्ट बोलली. मग एलीनं आपला सूर बदलला आणि ‘शांतीनं जा’ म्हणून तिला निरोप दिला. तुमच्या पाळकांनी व्यासपीठावरून जे वाक्य उच्चारलं ते त्यांनी उच्चारायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे. कुणाच्या आवाजावरून कुणाचा विश्वास मोजण्याचा अधिकार पाळकाला नाही, वडीलजनांना नाही, मलाही नाही. पण तुम्हाला ते लागलं हे त्यांना कुणी सांगितलं आहे का? तुमच्या पत्रावरून तरी वाटतं की नाही. हन्नेनं सांगितलं होतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मी तितक्याच जोरानं मांडणार आहे. सगळ्यांनी मिळून मोठ्यानं प्रार्थना करणं हा बाहेरून आलेला, हल्लीचा प्रकार आहे असं अर्ज करणाऱ्या मंडळींना वाटत असेल तर ते खरं नाही. प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय काढा. पेत्र आणि योहान सुटून आले तेव्हा जमलेल्या सगळ्यांनी एकचित्तानं देवाकडे आवाज चढवला, आणि ती जागा हादरली. यरीहोच्या वाटेवर बार्तीमयाला लोकांनी गप्प बस म्हटलं तेव्हा तो आणखी मोठ्यानं ओरडला आणि येशू थांबला. इब्री लोकांस पत्रात तर स्वतः प्रभूविषयी लिहिलं आहे की त्यानं मोठा आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केली. तुमची सून रडून प्रार्थना करते तेव्हा ती फार चांगल्या सोबतीत असते.

‘आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे’ हे मत्तयाचं वचन अशा वादात हमखास पुढे येतं. तुमच्याकडच्या अर्जातही येईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण त्या जागी येशू आवाजाविषयी बोलत नाही. लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांविषयी तो बोलतो. दार लावलेल्या खोलीत माणूस हंबरडा फोडू शकतो. उलट, देवळात डोळे मिटून अगदी निश्चल बसलेला माणूसही मनातून ‘बघा मी किती गंभीर आहे’ असं दाखवत असू शकतो. आपण शांत उपासनेत वाढलेल्या लोकांनी हे स्वतःला विचारायला हवं. शिवाय त्याच ठिकाणी, तीन वचनांनंतर, प्रभू जी प्रार्थना शिकवतो ती ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते, ‘माझ्या पित्या’ अशी नाही.

कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं तिसऱ्या शतकात प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिताना नेमका हाच मुद्दा मांडला. आमची प्रार्थना सार्वजनिक आहे, सगळ्यांची मिळून आहे, असं तो म्हणतो. आणि त्याच लिखाणात तो हन्नेचं उदाहरण देऊन सांगतो की देव हृदयाचं ऐकतो, तेव्हा बंधुभगिनी जमल्यावर बेशिस्त आवाजात प्रार्थना इकडेतिकडे फेकू नयेत. म्हणजे तुमच्या देवळात आज जे घडतं आहे त्याच्यावर सुमारे साडेसतराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत विचार चालू होता. हा सिप्रियन पुढे, २५८ मध्ये, विश्वासासाठी मारला गेला, रक्तसाक्षी झाला.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं. पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या सुरुवातीला मुक्ती सदनातल्या मुलींना रोज प्रार्थनेसाठी एकत्र यायला सांगितलं. पाहता पाहता शेकडो जणी येऊ लागल्या. जूनच्या अखेरीस तिथे जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, सुरू झालं त्यात मुली एकदम, मोठमोठ्यानं, रडत प्रार्थना करायच्या. पाहायला आलेल्या काही मिशनऱ्यांना ते रुचलं नाही. रमाबाईंनी त्यासाठी मुलींची तोंडं बंद केली नाहीत. यातल्या पुष्कळ मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या, काही बालविधवा होत्या. त्यांचं म्हणणं विचारायला त्यांच्या आयुष्यात आधी कोण थांबलं होतं? मला त्या आवाजाचं मोल तिथे दिसतं. ज्यांना जन्मभर ‘तू गप्प बस’ सांगितलं, त्यांना देवापुढे पहिल्यांदा पूर्ण आवाजात बोलायला मिळालं. सुमारे दीड वर्षानं, जानेवारी १९०७ मध्ये, कोरियात प्याँगयांगच्या मंडळीतही असंच झालं. सभा चालवणाऱ्यांनी ‘सगळे मिळून प्रार्थना करा’ म्हटलं आणि सगळं देऊळ एकत्र बोलू लागलं. कोरियन मंडळ्यांत ही रीत, ‘तोंगसोंग किदो’, आजही आठवड्याच्या उपासनेत पक्की आहे, आणि ती पाळणाऱ्यांत प्रेस्बिटेरियनांसारखे शिस्तीचे लोक आहेत.

हे मी विस्तारानं लिहिलं कारण तुमची सून कुठून आली हे तुम्हाला कळावं. तिच्या माहेरच्या सभेत कुणी कशासाठी रडलं, तिच्या आईनं कोणती वर्षं अशी प्रार्थना करून काढली, हे तुम्ही तिला कधी विचारलं आहे का? विचारा. मोठ्यानं प्रार्थना करणारी माणसं पुष्कळदा अशा घरातून येतात जिथे हळू बोलून भागण्यासारखं नव्हतं.

मात्र आपल्या शांततेलाही इतिहास आहे, आणि तो आपल्याला वाटतो तेवढा पवित्र नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचं ठाणं पडलं. त्यांच्या घराण्याची रीत अशी की पाळकानं उत्स्फूर्त, लांब प्रार्थना करायची आणि मंडळीनं ऐकायची. ही रीत मागे इंग्लंडातल्या प्युरिटन लोकांपर्यंत जाते. १६४५ मध्ये त्यांनी छापील प्रार्थनापुस्तक बाजूला सारून उपासनेचं नवं मार्गदर्शक आणलं, त्यात बोलणं जवळजवळ सगळं पाळकाकडे होतं. याच्या उलट अँग्लिकन लोकांचं. त्यांच्या १५५२ च्या प्रार्थनापुस्तकात पापांगीकार सगळ्या मंडळीनं गुडघे टेकून, पाळकामागून, तोंडानं म्हणायचा असतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली तेव्हा या दोन्ही रीती एका छपराखाली आल्या. कॅथॉलिक बांधवांचंही पाहा. वसईच्या जुन्या लोकांनी लॅटिन मिस्सा, म्हणजे लॅटिन भाषेतली उपासना, ऐकली आहे. धर्मगुरू वेदीपाशी हळू आवाजात म्हणत आणि लोक आपापली माळ जपत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला, त्यानंतर मराठी मिस्सा आली आणि लोक उत्तरं देऊ लागले. त्या दस्तऐवजात एकाच परिच्छेदात दोन गोष्टी सांगितल्या आहेत: लोकांनी घोष, प्रतिसाद, स्तोत्रं यांत भाग घ्यावा, आणि योग्य वेळी सर्वांनी आदरानं शांतता पाळावी.

ताई, इथे मला तुमच्याशी थोडं सरळ बोलायचं आहे. पाळक बोलतात आणि आपण माना घालून बसतो, याला आपण मूक प्रार्थना म्हणतो. पण ती मूक प्रार्थना नसते. एकाची बोललेली प्रार्थना असते, आणि बाकीचे कधी सामील असतात, कधी नसतात. कितीतरी वेळा मी स्वतः लांबलेल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत वरण कुकरला लावायचं राहिलं याचा विचार केला आहे, आणि असं करणारी मी एकटी नसेन. मूक प्रार्थना म्हणजे कुणीच बोलत नाही आणि सगळ्यांनी मिळून गप्प राहायचं. आपल्या बऱ्याचशा देवळांत ती मिनिटभरसुद्धा होत नाही. ‘आपण क्षणभर शांत राहू या’ म्हणतात आणि मान खाली जाण्याआधी पुढची प्रार्थना सुरू होते.

क्वेकर लोकांची उपासना आठवा. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या काळापासून ते एकत्र येऊन शांत बसतात, कुणाला आतून बोलायची प्रेरणा झाली तरच तो उठून बोलतो. फ्रान्समध्ये तेझे इथल्या मठात जगभरातली तरुण मुलं जमतात. त्यांच्या प्रत्येक प्रार्थनेच्या मध्यभागी कित्येक मिनिटांची शांतता असते, आणि हजारो मुलं ती पाळतात. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, जुनी पाश्चात्त्य रीत मला सगळ्यांत आवडते. आधी विषय सांगायचा, कोणासाठी प्रार्थना करायची ते. मग सगळ्यांनी गुडघे टेकून शांतपणे प्रार्थना करायची. मग पाळकानं सगळ्यांची प्रार्थना एका छोट्या प्रार्थनेत गोळा करायची आणि मंडळीनं आमेन म्हणायचं. यात शांतता आहे, आवाज आहे, आणि दोन्ही सगळ्यांचे आहेत. प्रकटीकरणात सातव्या अध्यायात मोजता न येणारा लोकसमुदाय मोठ्यानं घोष करतो, आणि आठव्याच्या सुरुवातीला स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता होते. त्यानंतर पवित्र जनांच्या प्रार्थना धूपाबरोबर वर जातात.

मग निवाडा कशावरून करायचा? माझ्या मते पौलानं करिंथच्या मंडळीला जे विचारलं त्यावरून. तिथे लोक अन्य भाषांत एकदम बोलत होते. पौल ते वाईट म्हणत नाही, आपण स्वतः तसं बोलतो असंही सांगतो. पण तो विचारतो: तू उपकारस्तुती केलीस ती चांगलीच केलीस, पण शेजारी बसलेल्या माणसाला तू काय म्हणतोस ते कळत नसेल तर त्यानं आमेन कशाला म्हणायचं? तुमच्या देवळात लोक मराठीतच बोलतात, हे खरं. तरी प्रश्न लागू पडतो. मंडळीतली प्रार्थना माझी असते तितकीच शेजारणीची असते. तिला माझ्या प्रार्थनेत शिरायला वाट हवी, आणि मला तिच्या. मोठ्यानं प्रार्थना करणारा या प्रश्नापुढे उभा राहतो तसाच गप्प बसणाराही. तुमच्या पाळकांचा माइक तुम्हाला वाट देत नाही. आणि, रागावू नका, पण तुमचं ‘मनात करते’ हे तुमच्या नातवाला वाट देत नाही.

नातवाचं आधी बोलते. त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. आठ वर्षांच्या मुलाला प्रार्थना कानानं कळते. त्याला आईची ऐकू येते, तुमची येत नाही, म्हणून त्याच्या लेखी ती नाही. सून गप्प राहिली याचा अर्थ तुम्ही वाईट लावू नका. कदाचित तिलाही तोच प्रश्न पडला असेल आणि सासूला विचारणं बरं दिसलं नसतं. तुम्ही तिच्यासाठी मनात काय मागता, तिचं नाव रोज घेता की नाही, हे तिला ठाऊक आहे का? एके दिवशी स्वयंपाक करताना सांगून टाका. त्याला उपासनेचा प्रसंग लागत नाही.

आणि संध्याकाळी, तुमची पाळी आली की एक ओळ तोंडानं म्हणा. एकच. ‘प्रभू, या मुलाला आज रात्री सांभाळ, आमेन.’ शाळेत हसणाऱ्या मुली आता तिथे नाहीत. शब्द अडकले तर अडकू द्या. आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं रोमकरांस पत्रात आहे, ते अडकणाऱ्यांसाठीच आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रसंहितेतलं एखादं वचन वाचा. तेविसावं स्तोत्र तुम्हाला पाठ असणार. आठवडाभर त्यातली रोज एक ओळ म्हटलीत तरी चालेल. मग सुनेला सांगा की एक मिनिट सगळे मिळून गप्प बसू या, आणि नंतर तू प्रार्थना कर. नातवाला ते मिनिट घड्याळावर मोजायला द्या. मुलांना असं काम आवडतं, आणि आजी गप्प असते तेव्हा तिथे काहीतरी चालू असतं हे त्याला न सांगता कळेल.

तुम्हाला मोठ्यानं प्रार्थना करता येत नाही हे मला तितकंसं पटत नाही, कारण तुम्ही गाता. रेव्हरंड टिळकांची भजनं तुमच्या देवळात नक्की होत असतील, टाळ-मृदंगावर, आणि तुम्ही त्यात सूर मिसळत असाल. भजन म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्यानं केलेली प्रार्थनाच. प्रभूची प्रार्थनाही तुम्ही दर रविवारी सगळ्यांबरोबर तोंडानं म्हणता. तेव्हा अडचण आवाजाची नाही. प्रत्येकाचे शब्द वेगळे आणि सगळे एकाच वेळी, यात तुम्हाला धरायला काही राहत नाही, ही अडचण आहे. ती खरी आहे आणि ती सोडवता येते.

आता अर्जाचं. सही करू नका, निदान आत्ता नाही. ‘बंद करा’ असा अर्ज गेला की कमिटी दोन तट पाडते, तरुण एका बाजूला आणि म्हातारे एका बाजूला, आणि पुढची पाच वर्षं निवडणुकीपासून नाताळच्या कार्यक्रमापर्यंत प्रत्येक गोष्टीत ते तट दिसतात. मी हे घडताना पाहिलं आहे. शिवाय त्या दहा मिनिटांत मंडळीतलं एखादं माणूस आयुष्यात पहिल्यांदा देवाशी मोकळेपणानं बोलत असेल. त्याच्याकडून ती वेळ काढून घेणं मला योग्य वाटत नाही.

त्याऐवजी पाळकांना घरी जाऊन भेटा. आजाऱ्यांच्या घरी न बोलावता जाणारा माणूस तुमचं ऐकून घेईल. कानाच्या मशीनची गोष्ट आधी सांगा. ती त्यांना बहुधा माहीतच नाही. मोठा आवाज मशीनमधून आणखी त्रासदायक होतो, आणि तुमच्या मंडळीत मशीन लावणाऱ्या तुम्ही एकट्या नसणार. तान्ही मुलं असतात, आवाजानं बिथरणारी मुलं असतात, त्यांच्या आया मुकाट्यानं बाहेर जाऊन उभ्या राहतात. मग त्यांना विनंती करा की सगळे प्रार्थना करत असताना माइक बंद ठेवा. यावर मी अडून बसेन. माइक चालू असला की ती सगळ्यांची प्रार्थना राहत नाही. एकाचा आवाज बाकीच्यांना झाकून टाकतो, आणि स्वतःचं स्वतःला ऐकू यावं म्हणून लोक आणखी ओरडतात. माइक बंद झाला, कीबोर्ड थांबला, की तोच जमाव निम्म्या आवाजात प्रार्थना करतो, आणि शेजारणीचे शब्द ऐकू येऊ लागतात.

विषय आधी सांगा, असंही त्यांना म्हणा. ‘प्रार्थना करा’ एवढंच सांगितलं की ज्याला सवय आहे तो सुरू होतो आणि बाकीचे भांबावतात. ‘गावात पाणी नाही, दवाखान्यात अमुक भाऊ आहेत, दहावीच्या मुलांची परीक्षा आहे’ असं सांगितलं की गप्प बसणाऱ्यालाही हाती काही लागतं. शेवट कसा होणार तेही ठरलेलं असावं. पाळकांनी प्रभूची प्रार्थना सुरू करावी आणि वेगवेगळे आवाज तिच्यात येऊन मिळावेत. कोरियन मंडळ्यांत पाळक शेवटी एक प्रार्थना करून सगळ्यांना एकत्र आणतो, ते शहाणपणाचं आहे. आणि उपासनेत दोन-तीन मिनिटांची खरी शांतता मागा, संदेशानंतर किंवा पापांगीकाराआधी. तिची वेळ छापील क्रमात लिहून घ्या, नाहीतर ती पहिल्याच रविवारी गिळली जाईल. तरुणांना ती सुरुवातीला जड जाईल. तेव्हा ज्येष्ठांनी खोकून, घड्याळ बघून ती मोडू नये, हेही सांगून ठेवा.

त्यांच्या त्या वाक्याबद्दल सगळ्यांत शेवटी बोला, आणि त्यावर ओढाताण करू नका. ‘तुमच्या वाक्यानं मला वाटलं की माझी इतक्या वर्षांची प्रार्थना देवापर्यंत गेलीच नाही’ एवढं पुरे. हन्ना याहून जास्त बोलली नव्हती.

तोवर येत्या रविवारी काय करायचं? स्पीकरच्या डब्यापासून लांब, भिंतीकडच्या बाकावर बसा. मशीनचा आवाज कमी करा, त्यात काही वाईट नाही. सगळे बोलू लागले की त्या गोंगाटाशी भांडू नका. पदर तोंडाशी धरून ओठांतल्या ओठांत एकशे तिसावं स्तोत्र म्हणा, खोल जागेतून धावा करणाऱ्याचं. नाहीतर शेजारी कोण आहे ते पाहा. ती पोरगी कशासाठी रडते आहे हे दोन शब्द जरी कानावर पडले तरी तिच्यासाठी मागा, आणि तिची प्रार्थना संपली की आमेन म्हणा. तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा. जस्टिन मार्टर हा जुन्या काळचा ख्रिस्ती लेखक रोममध्ये सुमारे १५५ साली लिहितो की अध्यक्ष प्रार्थना करतो आणि सगळे लोक आमेन म्हणून होकार देतात. त्याच्या काळातही तो भाग लोकांचा होता. आपल्याकडे अलीकडे तोही पाळकच म्हणून मोकळे होतात, आणि ही सवय मला या सगळ्या वादापेक्षा जास्त काळजीची वाटते.

पाळकांकडे जाताना एकट्या जाऊ नका. अर्ज घेऊन फिरणाऱ्या ज्येष्ठांनाही सोबत नेऊ नका, त्याचा अर्थ वेगळा लावला जाईल. सुनेला घेऊन जा. आधी तिला सगळं समजावून सांगा, तिचं काही म्हणणं असेल तर ते यादीत घाला, आणि माइक बंद ठेवण्याची गोष्ट तिच्या तोंडून येऊ द्या. सासू शांततेची आणि सून मोठ्यानं प्रार्थना करणारी, आणि दोघी एकच मागणं घेऊन आल्या आहेत, हे त्यांना दिसू द्या. तीन महिने करून बघा म्हणावं. नाहीच म्हणाले तर मला पुन्हा लिहा, आपण कमिटीला काय लिहायचं ते मिळून ठरवू.

तुमची भगिनी